कॅप्टनच्या हातातलं इंधन: एका विमान कंपनीतल्या प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

हॉटेल आणि पर्यटन व्यवसायात 'कर्मचाऱ्यांमध्ये पर्यावरणाची जाणीव निर्माण करा' हे वाक्य इतकं घासून गुळगुळीत झालंय की ते ऐकून कोणी मानही वर करत नाही. ५ जूनला शपथ होते, जिन्यात पोस्टर लागतं, तीन रंगांचे कचऱ्याचे डबे येतात आणि थोड्याच दिवसांत तिन्ही डब्यांत सगळंच पडायला लागतं. मग व्यवस्थापन निष्कर्ष काढून मोकळं होतं: लोकांची मानसिकताच नाही.

इथे मांडलेल्या प्रकरणात मानसिकतेला कोणी हातच लावला नाही. कोणालाही हवामानबदलावर व्याख्यान दिलं नाही, पगारात एक पौंड वाढवला नाही की कापला नाही. तरीही इंधन वाचलं, आणि ते मोजून सिद्ध करता आलं. कर्मचारी होते व्हर्जिन अटलांटिक या ब्रिटिश विमान कंपनीचे कॅप्टन. प्रयोग २०१४ सालचा. तो रचला तीन अर्थशास्त्रज्ञांनी: ग्रीअर गॉस्नेल, जॉन लिस्ट आणि रॉबर्ट मेटकाफ.

हॉटेलच्या कर्मचाऱ्यांविषयी बोलायचं असताना वैमानिक कशाला, असं कोणी विचारेल. पहिलं कारण सरळ आहे. लांबच्या सहलीत पर्यटकाच्या नावावर जमा होणाऱ्या कार्बनचा सगळ्यात मोठा वाटा बहुतेक वेळा विमानाचा असतो, आणि ते विमान चालवणारा माणूस हा याच व्यवसायाचा कर्मचारी आहे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या विषयावरचे बरेचसे अभ्यास प्रश्नावलीवर चालतात. 'मी कामावर अनावश्यक दिवे बंद करतो' यापुढे एक ते पाच यातला कुठला तरी आकडा भरायचा. माणूस चार भरतो. दिवा खरंच बंद झाला का, हे कोणी पाहिलेलं नसतं. इथे मात्र कॅप्टनने काय सांगितलं याला काही किंमतच नव्हती, कारण विमानाच्या यंत्रणेत प्रत्येक उड्डाणाची नोंद आपोआप होत होती.

परिस्थिती काय होती

विमान कंपनीच्या खर्चात त्या काळात इंधनाचा वाटा जवळपास एक तृतीयांश होता. त्यामुळे इंधन वाचवण्याची इच्छा कंपनीला आधीपासून होतीच. नवी विमानं घेणं, वजन कमी करणं, मार्ग सुधारणं हे सगळं चालू होतं. अडचण एका जागी येत होती. किती इंधन भरायचं आणि ते कसं वापरायचं याचा शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो आणि तो तसाच असायला हवा, कारण विमानातल्या शेकडो जिवांची जबाबदारी त्याच्यावर असते. कार्यालयातून कोणी 'कमी भरा' असा हुकूम सोडू शकत नाही. सोडला तरी अनुभवी कॅप्टन तो शांतपणे बाजूला ठेवेल, आणि कोणी त्याला दोष देऊ शकणार नाही.

म्हणजे कर्मचारी अत्यंत कुशल, त्याला अधिकार भरपूर, पगार चांगला, नोकरी ज्येष्ठतेवर चालणारी. बढतीचं गाजर नाही आणि धमकीचा उपयोग नाही. त्यात इंधन वाचल्याचा फायदा कंपनीच्या खात्यात जातो, कॅप्टनच्या खिशात काहीच पडत नाही. अशा माणसाकडून जास्तीचं काम करून घ्यायचं ते कसं?

तीन कृती

या प्रयोगातली माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची गोष्ट प्रयोग सुरू होण्याआधीच घडली. 'इंधन वाचवा' असं मोघम न म्हणता संशोधकांनी आणि कंपनीने तीन कृती निवडल्या: एक उड्डाणाआधीची, एक उड्डाणातली, एक उतरल्यानंतरची. तिन्ही कॅप्टनच्या हातातल्या, तिन्ही मोजता येणाऱ्या. या तिन्ही जरा जवळून पाहायला हव्यात, कारण पुढचे निकाल त्यांच्या स्वभावावरच ठरले.

पहिली, इंधनाचा भरणा. उड्डाणाच्या आराखड्यात विमानाचं इंधनाशिवायचं वजन अंदाजाने धरलेलं असतं. प्रवासी आणि सामान यांचा पक्का आकडा सुटण्याच्या थोडं आधी येतो. तो अंदाजापेक्षा वेगळा निघाला की कॅप्टनने इंधन बदलायचं असतं. गणित एका फेरीत संपत नाही. प्रवासी कमी निघाले, म्हणून इंधन कमी केलं, तर त्या कमी झालेल्या इंधनामुळे विमान आणखी हलकं होतं आणि इंधन अजून थोडं कमी चालतं. ही दुसरी फेरी करायची की नाही, हे कॅप्टनवर असतं. घाईत बरेच जण पहिल्या आकड्यावर थांबतात, किंवा 'असू दे थोडं जास्त' म्हणतात. लांबच्या उड्डाणात असं जास्तीचं इंधन फुकट जात नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा ते स्वतःचं वजन वाहून नेण्यातच जाळून टाकतं. कॅप्टनने भरलेलं इंधन योग्य गणितापासून २०० किलोच्या आत असलं, तर ही कृती साधली असं धरलं गेलं.

दुसरी, हवेतली काटकसर. उंची कुठली घ्यायची, वेग किती ठेवायचा, नियंत्रकाकडे जवळचा रस्ता मागायचा का, पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, कधी उघडायच्या. असे डझनभर छोटे निर्णय. सगळं मिळून आराखड्यात दिलेल्या इंधनात उड्डाण झालं का, एवढंच पाहायचं. यात कौशल्य आहे, पण वाऱ्याचा आणि गर्दीचा वाटाही मोठा आहे.

तिसरी अगदी साधी. विमान उतरलं, इंजिन निवायला लागणारी काही मिनिटं गेली, की थांब्यापर्यंत जाताना निदान एक इंजिन बंद करायचं. एक हालचाल, पण जड विमान, चढ, ओली जमीन किंवा अरुंद वळण असेल तर ती प्रत्येक वेळी करता येत नाही. करायची की नाही, हे पुन्हा कॅप्टनच ठरवणार.

चार गट

कंपनीचे ३३५ कॅप्टन चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार जवळपास सारख्या गटांत विभागले गेले. प्रयोग फेब्रुवारी २०१४ पासून आठ महिने चालला. तुलनेसाठी जानेवारी २०१३ पासूनची नोंद हाताशी होती.

पहिल्या गटाला, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नियंत्रण गटाला, फक्त एवढंच कळवलं, की इंधनाबाबतचा एक अभ्यास चालू आहे आणि उड्डाणांची नोंद पाहिली जाणार आहे. बस.

दुसऱ्या गटाला दर महिन्याला टपालाने एक पत्र घरी यायचं. गेल्या महिन्यात तुम्ही या तीन कृती किती टक्के उड्डाणांत केल्या, एवढाच मजकूर. इतर कॅप्टन काय करतात, तुमचा क्रमांक कितवा, असं काही नाही. ज्याचा त्याचा आकडा ज्याला त्याला.

तिसऱ्या गटाला हेच पत्र, वर एक उद्दिष्ट. हे उद्दिष्ट सगळ्यांना सारखं नव्हतं. प्रत्येकाच्या आधीच्या कामगिरीपेक्षा २५ टक्केबिंदू वर, पण ९० टक्क्यांपलीकडे नाही. जो कॅप्टन आधी ३० टक्के उड्डाणांत इंजिन बंद करत होता, त्याला ५५ चं उद्दिष्ट. जो ८० वर होता, त्याला ९० चं. गाठलं तर शाबासकी, न गाठलं तर शिक्षा नाही. ९० ची मर्यादा मला फार आवडली. कधीतरी परिस्थितीच तशी असते आणि तेव्हा न केलेलंच बरं, हे त्या आकड्यातच मान्य केलेलं आहे. कॅप्टनला सुरक्षितता आणि उद्दिष्ट यात निवड करायला लावली जात नाही.

चौथ्या गटाला तिसऱ्यासारखंच सगळं, आणि गाठलेल्या प्रत्येक मासिक उद्दिष्टामागे त्याच्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेला १० पौंडांची देणगी. तीन कृती, आठ महिने; म्हणजे एका कॅप्टनच्या नावे जास्तीत जास्त २४० पौंड. हा पैसा कॅप्टनला मिळत नव्हता. असल्या उच्च पगाराच्या माणसाला महिन्याला ३० पौंड हातात ठेवले असते तर तो अपमानच झाला असता.

काय निघालं

तीन गटांना दिलेल्या पत्रांचा, उद्दिष्टांचा आणि देणग्यांचा परिणाम नियंत्रण गटाशी ताडून पाहिला, तर आठ महिन्यांत २ लाख ६६ हजार ते ७ लाख ४ हजार किलो इंधन वाचल्याचा अंदाज निघाला. एक किलो विमान इंधन जळलं की सुमारे ३.१५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, त्यामुळे उत्सर्जनातली बचत ८ लाख ३८ हजार ते २२ लाख २० हजार किलोंच्या दरम्यान बसली. आणि खर्च? कागद, छपाई, टपाल आणि चौथ्या गटाच्या देणग्या. एक टन कार्बन डायऑक्साइड टाळण्याचा खर्च उणे २५० डॉलर निघाला. म्हणजे तो टन टाळण्यासाठी पैसे मोजावे लागलेच नाहीत. उलट एका टनामागे अडीचशे डॉलर कंपनीचेच वाचले, कारण तेवढ्या टनामागे तीनशे किलोंहून जास्त इंधन विकत घ्यावं लागलं नाही.

तीन कृतींमध्ये इंजिन बंद करण्यात सगळ्यात मोठी सुधारणा झाली आणि इंधनाच्या भरण्यात सगळ्यात कमी. यात नवल नाही. इंजिन बंद करणं पूर्ण हातातलं आहे, विसरण्यासारखं आहे, आणि ते न करण्यामागे कुठलीही भीती नाही. कोणी आठवण दिली की माणूस करतो. नुसतं पत्र मिळणाऱ्या गटातही ही कृती चांगलीच वाढली. इंधन भरताना मात्र कॅप्टनच्या मनात वीस-तीस वर्षांचा अनुभव बसलेला असतो. कधीतरी वादळामुळे घिरट्या घालाव्या लागल्या होत्या, तेव्हा ते जास्तीचं इंधनच कामी आलं होतं. अशा ठिकाणी पत्राने फारसं हलत नाही, आणि मी तर म्हणेन, फार हलूही नये.

उद्दिष्ट दिलेल्या गटात तिन्ही कृती सुधारल्या. देणगीने मात्र उद्दिष्टाच्या वर फारशी भर घातली नाही. हे वाचून 'मग देणगी वायाच गेली' असं म्हणण्याचा मोह होतो. पण नंतर केलेल्या पाहणीत चौथ्या गटातल्या कॅप्टननी नोकरीतलं समाधान नियंत्रण गटापेक्षा साडेसहा टक्के जास्त नोंदवलं. (हे पुन्हा प्रश्नावलीवरचं उत्तर आहे, वर मी प्रश्नावलीविषयी जे म्हटलं ते इथेही लागू.) इंधनाच्या दृष्टीने देणगी कुचकामी, माणसाच्या दृष्टीने कदाचित नाही.

न मागितलेला निकाल

आता या प्रकरणातला खरा पेच. ज्या पहिल्या गटाला काहीच दिलं नव्हतं, त्याची कामगिरीही प्रयोग सुरू होताच बदलली. हवेतली काटकसर आणि इंजिन बंद करणं, या दोन्ही कृती या गटात आधीच्या तुलनेत जवळपास निम्म्याने वाढल्या. 'नोंद पाहिली जाणार आहे' या एका ओळीवर. नियंत्रण गटातला हा बदलही हिशेबात धरला तर एकूण बचत सुमारे ६,८०० टन इंधन आणि साडेएकवीस हजार टन कार्बन डायऑक्साइड इतकी होते. पत्रं आणि उद्दिष्टं यांनी केलेल्या बचतीच्या जवळपास दसपट!

कोणीतरी पाहतंय हे कळलं की माणूस वेगळं वागतो, या गोष्टीला व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हॉथॉर्न परिणाम म्हणतात. हे नाव शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यावरून पडलं. तिथे १९२४ पासून काही वर्षं उजेड, विश्रांती, कामाचे तास बदलून प्रयोग चालले होते. गंमत अशी, की त्या मूळ प्रयोगातली उजेडाची आकडेवारी शोधून काढून २०११ साली पुन्हा तपासली ती याच जॉन लिस्ट यांनी, अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांच्याबरोबर. आणि त्यांना तिथे हा परिणाम फारसा सापडला नव्हता! हॉथॉर्नमध्ये नीट न दिसलेला हॉथॉर्न परिणाम त्यांना तीन वर्षांनी वैमानिकांमध्ये दिसला.

तरी इथे थोडं सावध राहायला हवं. पत्र-उद्दिष्टांच्या परिणामाला तुलनेसाठी नियंत्रण गट होता. नियंत्रण गटाच्या स्वतःच्या बदलाला मात्र तुलना फक्त आधीच्या काळाशी. त्या आठ महिन्यांत मार्ग बदलले असतील, हवामान वेगळं असेल, कंपनीत इंधनाची चर्चा एरवीही वाढली असेल. म्हणून २६६ ते ७०४ टन हा अंदाज मी छातीठोक सांगेन. ६,८०० टन सांगताना एक पाय मागे ठेवीन.

पण एवढी खबरदारी घेऊनही प्रश्न उरतोच. नुसतं 'पाहतोय' म्हटल्याने एवढं होत असेल, तर मग सरळ सगळ्यांवर नजर ठेवावी का? अनेक व्यवस्थापक या प्रकरणातून नेमका हाच धडा उचलतील आणि तिथेच फसतील. इथे पाहणारे बाहेरचे अभ्यासक होते. आकडा ज्याचा त्यालाच कळत होता. त्यावरून कोणाची बढती, बदली किंवा पाळी ठरत नव्हती. कॅप्टनचा अधिकार कणभरही कमी झाला नव्हता. यातली एक जरी गोष्ट काढली तरी तीच नोंद पहाऱ्यासारखी वाटू लागेल. मग माणसं आकडा सांभाळायला शिकतील आणि इंधन राहील बाजूला.

हॉटेलात हे कितपत लागू पडतं

इथे मला उत्साहाला आवर घालावासा वाटतो. कॅप्टन आणि खोल्या साफ करणारी बाई, दोघं एकाच व्यवसायात असले तरी त्यांच्या हातात काय आहे, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

खोली आवरणाऱ्या कर्मचाऱ्याला एका पाळीत ठरावीक खोल्या संपवायच्या असतात. पाहुण्याने टॉवेल दांडीवर टांगला आहे, म्हणजे तो पुन्हा वापरणार आहे, असं कार्डावर लिहिलेलं असतं. तरीही टॉवेल बदलला जातो, आणि पाहुणा म्हणतो, 'यांचं सगळं दाखवायचंच.' पण त्या कर्मचाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. टांगलेला टॉवेल ओला आहे की घाण, हे पाहायला थांबावं लागतं. न बदलता ठेवला आणि पाहुण्याने तक्रार केली तर बोलणी तिलाच बसणार. बदलला तर कोणीही तिला काही विचारत नाही. म्हणून ती बदलते. यात मानसिकतेचा प्रश्न कुठे आला?

याच टॉवेलवरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास पाहुण्यांवर झाला आहे. नोआ गोल्डस्टीन, रॉबर्ट चाल्डिनी आणि व्लादास ग्रिस्केविशियस यांनी २००८ साली दाखवलं, की 'पर्यावरण वाचवा' अशा नेहमीच्या कार्डाने सुमारे ३५ टक्के पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, आणि 'बहुतेक पाहुणे वापरतात' असं लिहिलं तर ४४ टक्के. या अभ्यासाचे गोडवे सगळे गातात. त्यातल्या टॉवेलची नोंद खोल्या आवरणाऱ्यांनीच ठेवली होती, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणजे ही माणसं मोजू शकतात, काळजीपूर्वक मोजतात. फक्त त्यांच्या स्वतःच्या कामाचा आकडा त्यांच्या हातात परत कोणी देत नाही.

आणि एक उलटं उदाहरण याच प्रकरणाशेजारी ठेवायलाच हवं. स्टारवूड हॉटेल समूहाने २००९ च्या सुमारास 'मेक अ ग्रीन चॉइस' नावाची योजना आणली. पाहुण्याने खोली आवरायला नको म्हटलं, की त्याला पाच डॉलरचं कूपन किंवा ५०० पॉइंट. पाणी, वीज, रसायनं वाचतात. कागदावर सगळं हिरवं. पण खोल्या आवरायच्या नाहीत म्हणजे तितक्या पाळ्या कमी. काम करणाऱ्यांचे तास गेले, आणि जे राहिले त्यांच्या वाट्याला तीन-चार दिवस न झाडलेल्या, दुप्पट कष्टाच्या खोल्या आल्या. युनाइट हिअर या कामगार संघटनेने याला सातत्याने विरोध केला. पुढे २०१६ मध्ये मॅरियटने स्टारवूड विकत घेतली, आणि २०१८ च्या शरदात बोस्टनपासून होनोलुलूपर्यंत अमेरिकेतल्या आठ शहरांत सुमारे ७,७०० मॅरियट कामगार संपावर गेले. पगार आणि यांत्रिकीकरण हे त्यांचे मोठे मुद्दे होतेच, पण ही हिरवी योजनाही मागण्यांत होती. सॅन फ्रान्सिस्कोतला संप डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालला.

दोन्ही प्रकरणांत बचतीचा फायदा मालकाचा होता. फरक एवढाच, की कॅप्टनने इंजिन बंद केलं म्हणून त्याची पुढची पाळी गेली नाही. खोली आवरणाऱ्यांची गेली. मग तिथे पर्यावरण हा शब्दच कामगारांच्या कानाला कपातीसारखा ऐकू येऊ लागला, आणि तो पुन्हा विश्वासाने ऐकला जायला किती वर्षं लागतील कोण जाणे.

एखाद्या हॉटेलने हे करायचं ठरवलं तर

सगळ्या खात्यांना एकदम हात घालू नये. जिथे मोजणं सोपं आणि निर्णय कर्मचाऱ्याच्या हातात, तिथून सुरुवात. मला स्वयंपाकघर सर्वात योग्य वाटतं. टाकून दिलेलं अन्न वजनकाट्यावर ठेवून लिहिता येतं: सोलताना-चिरताना गेलेलं वेगळं, जास्त शिजवून उरलेलं वेगळं, ताटात उरलेलं वेगळं. पहिल्या दोन गोष्टी स्वयंपाक्याच्या हातात आहेत. तिसरी बरीचशी नाही, म्हणून तिचा आकडा त्याच्या पत्रात घालूच नये. वाऱ्याचा हिशेब कॅप्टनकडे मागण्यासारखंच होईल ते. रिकाम्या वेळी पेटत राहणाऱ्या शेगड्या आणि चालू राहणारे धूर खेचणारे पंखे ही इंजिन बंद करण्याइतकीच साधी कृती आहे, आणि तिथे बहुधा नुसत्या आकड्यानेही काम भागेल.

धुलाईत अडचण वेगळी आहे. किलो मोजता येतात, पण ते कोणाच्या निर्णयामुळे वाढले हे कळत नाही. पाहुण्याने मागितलं, पर्यवेक्षकाने बदलायला लावलं, की चादरीवर डाग होता? इथे एकेका माणसाला आकडा पाठवणं अन्यायाचं ठरेल. मजल्याच्या गटाला पाठवावा, आणि त्याआधी 'टांगलेला टॉवेल न बदलल्याची तक्रार आली तर ती कर्मचाऱ्यावर येणार नाही' हे लेखी द्यावं. ते न देता आकडा पाठवणं म्हणजे कॅप्टनला वादळात कमी इंधन भरायला सांगण्यासारखं आहे.

आधीचा काळ मोजल्याशिवाय मात्र काहीच सुरू करू नये. व्हर्जिन अटलांटिककडे प्रयोगाआधीची वर्षभराहून जास्त नोंद होती, म्हणूनच प्रत्येकाचं उद्दिष्ट त्याच्या स्वतःच्या आकड्यावरून ठरवता आलं. सरसकट 'सगळ्यांनी २० टक्के कमी' म्हटलं, की आधीपासून जपून काम करणाऱ्यालाच शिक्षा होते. त्याच्याकडे कमी करायला उरलेलं काय असतं? आणि आकडे फळ्यावर लावू नयेत. हा मोह प्रचंड असतो, स्पर्धेने उत्साह येतो असं वाटतं. दोन महिने येतोही. नंतर तळाची नावं फळ्याकडे बघणं सोडतात, आणि वरच्या नावांपैकी एखादं काटा जरा उचलून वाचायला शिकतं.

पाळ्यांचा प्रश्न सगळ्यात आधी मिटवायला हवा. धुणं घटलं, खोलीतलं काम घटलं, तर मोकळे झालेले तास कुठे जाणार, हे योजना जाहीर होण्याआधी वेळापत्रकात दिसलं पाहिजे: जास्त वेळ दिलेली खोल साफसफाई, प्रशिक्षण, किंवा कमी खोल्यांची पाळी त्याच पगारात. हॉटेलची त्याला तयारी नसेल, तर टॉवेल आणि चादरी सोडून द्याव्यात आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यापाशीच थांबावं. तिथे अन्न वाया कमी गेल्याने कोणाची पाळी कापली जात नाही.